दिलोरोम : कुणाच्या हृदयाचा आराम?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय एका शब्दाचा आहे आणि तो शब्द म्हणजे एक नाव आहे : दिलोरोम. उझबेकिस्तानात हे बाईचं नाव अगदी घरोघरचं. ताश्कंदला किंवा समरकंदला एखाद्या शाळेत, इस्पितळात, बाजारात तुम्हाला दिलोरोम भेटणारच. वयानं मोठी असेल तर तिला 'दिलोरोम ऑपा' म्हणतात, आपण 'ताई' म्हणतो तसं. मानानं किंवा मायेनं बोलायचं तर 'दिलोरोमखॉन'.

नावांच्या कोशात हिचा अर्थ एका ओळीत असतो : फारसीतून आलेलं नाव, अर्थ 'हृदयाला शांती देणारी'. ही ओळ चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पण ती वाचल्यावर दोन प्रश्न पडायला हवेत. शांती द्यायची ती कुणाच्या हृदयाला? आणि जिनं ती द्यायची, तिचं यावर काय म्हणणं आहे? कोश इथे गप्प बसतो. काव्य मात्र बोलतं. कारण या नावामागे एक गोष्ट आहे, आणि ती गोष्ट पावणेपाचशे वर्षांत चार मोठ्या कवींनी चार तऱ्हांनी सांगितली आहे. नायिका तीच, पण नाव बदलत गेलं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की या प्रवासात नाव जसजसं गोड होत गेलं, तसतसं त्या बाईला बोलायला कमी मिळत गेलं. हे पटतं का, ते तुम्ही शेवटी ठरवा.

आधी शब्द

गोष्टीकडे जाण्याआधी शब्द उलगडून घेऊ. मराठी माणसाला हा शब्द फोडून सांगावा लागत नाही. 'दिल' आपल्याकडे आहे, 'आराम' आहे. फारसीत नाव होतं 'दिलाराम'. उझबेक भाषेत फारसीचा दीर्घ 'आ' साधारण आपल्या 'डॉक्टर'मधल्या 'ऑ'सारखा होतो. 'किताब'चं 'किताॅब', 'बहार'चं 'बहाॅर', आणि रोटीला फारसीत 'नान' तर तिथे 'नाॅन'. म्हणून दिलाराम तिथे दिलाॅराॅम झाली. आपण लिहिताना सोयीसाठी दिलोरोम लिहितो, कानाला मात्र ते 'ऑ' ऐकू यायला हवं.

आता थोडं खोलात जाऊ. फारसी 'दिल' आणि संस्कृत 'हृद्' हे शब्द एकाच मुळातले. ऐकायला फार लांबचे वाटतात, पण अवेस्तेत तो शब्द 'झेरेद' असा आहे, आणि मग वाट दिसते. जुन्या इराणी भाषेतल्या 'र्द'चा पुढे 'ल' झाला. याचा दुसरा दाखला तर आपण रोज वापरतो. संस्कृत 'शरद्' आणि फारसी 'साल', म्हणजे वर्ष, हे असेच भाऊ आहेत. शरद्-साल, तसं हृद्-दिल.

'आराम'चंही तेच. फारसी 'आराम' आपल्या 'रम्' धातूच्याच घरातला. या धातूला वेदकाळापासून दोन अंगं आहेत : थांबणं, शांत होणं हे एक, आणि आनंद घेणं हे दुसरं. मराठीत दोन्ही जिवंत आहेत. आपण 'विराम' म्हणतो तेव्हा थांबणं, 'रमलो' म्हणतो तेव्हा आनंद. इराणकडे पहिलं अंग वाढलं, आपल्याकडे दुसरं. त्यामुळे दिलारामला संस्कृतातली सख्खी बहीण शोधायची झाली तर ती आपल्या ओळखीची निघते : मनोरमा. मनाला रमवणारी ती मनोरमा, हृदयाला विसावा देणारी ती दिलाराम. दुसऱ्या पदातला धातू एकच.

फारसीत असे शब्द घडवायचा एक साचा आहे. आधी 'दिल', मग क्रियापदाचं अंग. त्या साच्यातले शब्द मराठीत आलेत आणि आपण ते साचा न ओळखताच वापरतो. 'दिलरुबा' हे आपल्याला वाद्य म्हणून माहीत आहे; मूळ अर्थ हृदय पळवून नेणारा, म्हणजे आपला मनोहर. 'दिलगीर' म्हणजे ज्याचं हृदय धरलं गेलंय तो. तिथून आपली 'दिलगिरी'. आणि 'दिलासा'. यातला 'आसा' म्हणजे आराम देण्याच्याच अर्थाचं क्रियापद. तेव्हा आपण कुणाला दिलासा देतो, तेव्हा दिलोरोमच्या नावात जे आहे तेच देत असतो. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू, जिची कबर छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात आहे, तिचंही नाव 'दिल'नं सुरू होणाऱ्या याच घराण्यातलं.

आता व्याकरणाची एक गंमत, जी पुढे कामाला येणार आहे. कोशातल्या अर्थात मी 'देणारी' म्हटलं. ही 'री' मराठीची आहे. फारसीत व्याकरणाचं लिंग नाही, उझबेकमध्येही नाही. तो, ती, ते, सगळ्यांना एकच सर्वनाम. म्हणजे शब्दात बाई कुठेच नाही. ती आली गोष्टीतून आणि वापरातून. दुसरं असं, की समासाचा विग्रह दोन तऱ्हांनी होऊ शकतो. 'हृदयाला आराम देणारी' हा एक. ज्यांना संस्कृत व्याकरण आठवतंय त्यांच्यासाठी, हा उपपद तत्पुरुष. पण 'दिलखुश' या शब्दाचा विग्रह आपण कसा करतो? ज्याचं दिल खुश आहे तो. हा बहुव्रीहि. त्याच चालीवर 'जिच्या हृदयाला आराम आहे ती' असाही विग्रह करता येईल. परंपरेनं पहिला विग्रह उचलला आणि कोशांनी तोच छापला. दुसरा बाजूला पडून आहे. त्याच्याकडे आपण परत येऊ.

आझादा

आता गोष्ट. राजा बहराम गोर. इतिहासातला सासानी राजा पाचवा बहराम, राज्यकाळ ४२० ते ४३८. शिकारीचा भारी षौक, आणि त्याच्याभोवती दंतकथा जमल्या. त्यातली ही एक. फिरदौसीच्या 'शाहनामा'त ती आहे, आणि 'शाहनामा' पुरा झाला १०१० साली. पण गोष्ट त्याहून जुनी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सासानी काळातलं एक चांदीचं तबक आहे, त्यावर उंटावर बसलेला राजा आणि त्याच्यामागे ती मुलगी कोरलेली आहे.

फिरदौसीकडे तिचं नाव आझादा. रूम देशातली दासी, चंग वाजवण्यात पटाईत. चंग म्हणजे जवळ धरून वाजवायचं तंतुवाद्य. आणि नावाचा अर्थ बघा : आझाद, मुक्त. दासीचं नाव 'मुक्त'. बहराम तिला घेऊन शिकारीला जातो, समोर हरणं दिसतात. तो विचारतो, कुठलं मारू? ती म्हणते, नराची मादी करून दाखव आणि मादीचा नर. आणि एका हरणाचा पाय, कान नि डोकं एकाच बाणात गुंफून दाखव. बहराम नराची शिंगं बाणानं उडवतो, मादीच्या डोक्यात शिंगांसारखे दोन बाण रुतवतो. मग एका हरणाच्या कानाला ओझरतं टोचतो. ते कान खाजवायला पाय वर नेतं, आणि तेवढ्यात बाण येऊन पाय, कान, डोकं एकत्र शिवून टाकतो.

आता खरं तर टाळ्या वाजायच्या. पण आझादाला त्या हरणांची दया येते. ती राजाला सुनावते, की हे माणसाचं काम नव्हे, तुझ्यात सैतान शिरलाय. राजा तिला उंटावरून खाली फेकतो आणि उंट तिच्या अंगावर घालतो. संपलं.

आता आजचा वाचक इथे असं म्हणू शकतो, की बाई, पैज तूच लावलीस ना? हो, लावली. पण म्हणूनच तिच्या बोलण्याला वजन आहे. कौशल्य आणि क्रौर्य यांच्यात फरक आहे, हे तिला डोळ्यांसमोर घडल्यावर कळतं आणि कळल्या क्षणी ती बोलते. आपल्या मालकाला बोलते. मुक्त नावाची बाई या गोष्टीत एकदाच मुक्तपणे बोलते आणि त्यासाठी मरते. फिरदौसी यावर फार भाष्य करत नाही, पण लपवतही नाही.

फितना

११९७ साली निजामी गंजवीनं 'हफ्त पैकर' पुरं केलं आणि त्यात ही गोष्ट पुन्हा आली. तिचं नाव आता फितना. अर्थ : उपद्रव, बखेडा, बंड. प्रसंग तोच, बाणाचं कसब तेच, फक्त हरणाच्या जागी गोरखर, म्हणजे रानगाढव. राजा दादेच्या अपेक्षेनं तिच्याकडे बघतो. ती म्हणते, यात काय मोठं? सरावानं कुणालाही येईल.

इथे काय बदललं ते लक्षात घ्या. आझादाचा आक्षेप नैतिक होता : तू हे करायला नको होतंस. फितनाचा आक्षेप कलेविषयीचा आहे : हे तू समजतोस तेवढं थोर नाही. प्राण्याची वेदना बाजूला गेली आणि वाद राजाच्या गुणवत्तेवर आला. तरी आक्षेप धारदार आहे. राजा एका सरदाराला हुकूम देतो, हिला मारून टाक. ती त्या सरदाराला समजावते, घाई करू नकोस, राजाला पस्तावा होईल. आणि जिवंत राहते.

मग ती काय करते? सरदाराच्या वाड्याला उंच गच्ची आहे, तिला साठ पायऱ्या. नुकतंच जन्मलेलं वासरू ती खांद्यावर घेते आणि वर नेते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज. वासरू वाढतं, तिची ताकदही वाढते. सहा वर्षांनी तो बैल होतो आणि ती तो बैल उचलून गच्चीवर नेते. राजाला मेजवानीला बोलावतात, तो हा प्रकार बघतो आणि म्हणतो, हा तर सरावाचा परिणाम. आणि ती त्याचा शब्द त्याच्याच पदरात टाकते : बैल उचलला तर सराव, आणि गोरखर मारलं तर पराक्रम?

फारसी काव्यात वादविवाद खूप आहेत, पण युक्तिवाद असा खांद्यावर घेऊन चढवलेला क्वचितच. सहा वर्षं आणि साठ पायऱ्या, हा तिचा पुरावा आहे. राजा हरतो, माफी मागतो, लग्न करतो. तुम्ही म्हणाल शेवट गोड झाला. झाला, पण तो तिनं कमावला.

दिल्लीतली दिलाराम

आता आपल्या जवळ येऊ. १३०१-०२च्या सुमाराला दिल्लीत अमीर खुसरो 'हश्त बिहिश्त' लिहितो. निजामीच्या काव्याला दिलेलं हे उत्तर. हा खुसरो आपल्या इतिहासातला : ज्या अल्लाउद्दीन खिलजीनं १२९६ साली देवगिरी लुटली, त्याच्याच दरबारातला कवी. या काव्यात नायिकेला पहिल्यांदा ते नाव मिळतं : दिलाराम.

नाव ऐकून वाटेल, आता ही राजाला शांतवत बसणार. तसं होत नाही. शिकार होते, राजाला कौतुक हवं असतं, ती ते हवं तसं देत नाही. राजा तिला रानात उतरवून निघून जातो. मारत नाही, सोडून देतो. ती चालत एका खेड्यात पोचते. तिथल्या एका जमीनदाराच्या घरी आसरा मिळतो, आणि हा माणूस संगीतातला जाणकार निघतो. तो तिला शिकवतो. आणि ती इतकी तयार होते, की ती वाजवायला लागली की रानातली हरणं येऊन उभी राहतात. एक सूर लावला की ती झोपतात, मेल्यासारखी. दुसरा लावला की उठतात.

ही बातमी राजापर्यंत जाते. तो येतो, बघतो, आणि पुन्हा तीच खोड : यात काय विशेष, हे कुणीही शिकू शकतं. आणि तिला तिची संधी मिळते, फितनाला मिळाली तशी.

मला विचाराल तर चारही रूपांत हे नाव सगळ्यात चपखल बसलंय ते इथे. खुसरो स्वतः संगीताचा माणूस. त्यानं 'आराम' हा शब्द विशेषण म्हणून चिकटवला नाही, ते तिचं कसब केलं. ती आराम देते, अक्षरशः झोपवते. पण ती जागंही करते. आराम देणं तिच्या हातात आहे, आणि म्हणून काढून घेणंही तिच्या हातात आहे. आणखी एक. बहराम हरणाला मारून आपली कला दाखवतो. दिलाराम हरणाला मेल्यासारखं करून परत उठवते. आझादाची हरणांवरची दया, जी निजामीकडे हरवली होती, ती खुसरोकडे अशी कलेच्या रूपानं परत येते. बहरामला ते कळलं की नाही, हा वेगळा प्रश्न.

नवाईची दिलोरोम

आता हेरात. १४८४ साली अलीशेर नवाई 'सब्अइ सय्यार' लिहितो. सात ग्रह असाही अर्थ होतो आणि सात फिरस्ते असाही. नवाई म्हणजे उझबेक साहित्याचा पाया. जन्म १४४१, मृत्यू १५०१. त्या काळात मोठं काव्य लिहायचं तर फारसीत, असा दंडक होता. यानं निजामी-खुसरोच्या तोडीची पाच काव्यं तुर्की भाषेत लिहून दाखवली. त्या भाषेला आज आपण चगताई म्हणतो. १४९९ साली त्यानं एक ग्रंथच लिहिला, ज्यात फारसीपेक्षा तुर्की कशी सरस आहे हे शब्दांची उदाहरणं देऊन मांडलं. आपल्या भाषेसाठी असा भांडणारा माणूस. तरी नायिकेचं नाव त्यानं फारसीच ठेवलं. याचं कारण भाषेच्या थरांत आहे. उझबेकमध्ये हृदयाला अस्सल तुर्की शब्द आहेत : 'यूरक' म्हणजे छातीत धडधडतं ते, आणि 'कोंगिल' म्हणजे मन. 'दिल' हा काव्यातला, प्रेमातला शब्द. नवाई भाषेसाठी भांडला, पण प्रेमाचं सोनं फारसीच्या पेटीतच होतं, आणि ते तो निःसंकोच वापरतो.

आधीच्या कवींबद्दल त्याची एक तक्रार होती, की या गोष्टीत प्रेमाची होरपळ त्यांनी आणलीच नाही. म्हणून तो गोष्ट उलटी फिरवतो. मोनी नावाचा चित्रकार बहरोमला दिलोरोमबद्दल सांगतो. ती एका व्यापाऱ्याकडे आहे आणि किंमत एका देशाच्या वर्षभराच्या खंडणीएवढी. बहरोम ती किंमत मोजतो. तिच्या चंगात आणि गाण्यात इतका बुडतो, की राज्याकडे लक्ष राहत नाही. मग एका शिकारीत, दारूच्या नशेत, तिच्या तोंडून हवी तशी स्तुती येत नाही म्हणून तिला बांधून ओसाड रानात टाकून देतो. शुद्धीवर येतो तेव्हा ती नाही.

इथून पुढचं काव्य म्हणजे नावाचाच अर्थ उलगडणं आहे. दिलोरोम गेली आणि दिलाचा आराम गेला. राजा आजारी पडतो, झोप येत नाही. त्याच्यासाठी सात रंगांचे सात महाल बांधतात, आठवड्याच्या प्रत्येक दिवशी एक फिरस्ता येऊन गोष्ट सांगतो, राजाला झोप यावी म्हणून. निजामीकडे या गोष्टी राजकन्या सांगतात, विलास म्हणून. नवाईनं तिथे वाटसरू आणले आणि विलासाचं औषध केलं. आणि शेवटच्या दिवशी खोरेझमहून आलेला फिरस्ता एका व्यापाऱ्याच्या घरी राहणाऱ्या, वादनात अजोड अशा एका स्त्रीची हकीकत सांगतो. बहरोम ओळखतो. ती सापडते.

रचनेचा विचार केला तर हे चारही काव्यांतलं सगळ्यात घट्ट काम आहे. आधीच्या दोघांकडे शिकारीची गोष्ट वेगळी आणि महालांची वेगळी, दोन्ही शेजारी ठेवलेल्या. नवाईनं त्या एका धाग्यात ओवल्या. महाल का बांधले, गोष्टी का सांगितल्या, याला आता कारण आहे. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण मग मी विचारतो, दिलोरोम या सगळ्यात काय करते? फितनानं बैल उचलला. खुसरोच्या दिलारामनं विद्या मिळवली. दोघींनी राजाला त्याच्या जागी आणून त्याचं तोंड बंद केलं. नवाईच्या दिलोरोमला चंग आधीपासून येतो, आणि ती सापडेपर्यंत वाट बघते. प्रेमाची होरपळ आहे, पण ती मुख्यतः त्याची आहे. आजारी तो, रडणारा तो, बरा होणारा तो. ती त्याचा विकार आहे आणि तीच त्याचं औषध आहे. राजाला उत्तर देण्याचा जो प्रसंग निजामी आणि खुसरोनं तिच्या हाती दिला होता, तो इथे गळून पडतो. कोशातली ती एक ओळ, 'हृदयाला शांती देणारी', इथे पूर्णपणे खरी होते, आणि नेमकी इथेच ती बाई त्या ओळीएवढी होऊन बसते.

याला एक उत्तर आहे आणि ते न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. नवाईचं काव्य मीलनावर संपत नाही. शेवटी बहरोम एक प्रचंड शिकार मांडतो. इतके प्राणी मारले जातात, की रक्तानं जमिनीची दलदल होते आणि ती दलदल बहरोमला, त्याच्या सैन्याला, आणि त्याच्याबरोबर दिलोरोमलाही गिळते. काय शेवट आहे हा! पावणेपाचशे वर्षांपूर्वी आझादा जे बोलली आणि उंटाखाली गेली, तेच आता जमीन बोलते. नवाई सुलतान हुसेन बायकराच्या दरबारातला मोठा अधिकारी होता, राजे जवळून बघितलेला माणूस. प्रेम मिळालं, आराम मिळाला, तरी याचा हात थांबला नाही, असा त्याचा निकाल आहे. चारही कवींत राजाला इतकी कडक शिक्षा दुसऱ्या कुणी दिलेली नाही.

हे सगळं मान्य. पण न्याय झाला तो तिच्या तोंडून झाला नाही, आणि त्या न्यायात तीही बुडाली. आझादाला निदान वाक्य मिळालं होतं.

नाव पुढे जातं

मग चार नावं ओळीनं ठेवून बघा. आझादा, मुक्त. फितना, उपद्रव. दिलाराम, झोपवणारी आणि जागवणारी. दिलोरोम, हरवलेली आणि सापडलेली. लोकांनी मुलींसाठी यातलं कुठलं उचललं? उझबेक घरात फितना कुणी ठेवणार नाही. दिलोरोम ठेवतात. १९५८ साली मुख्तार अश्रफीनं याच कथेवर ऑपेरा केला, त्याचंही नाव 'दिलोरोम'. गोष्टीचं मूळ नाव राजाचं, पण रंगमंचावर पाटी तिच्या नावाची लागली, ही त्यातली चांगली गोष्ट.

आईबापांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. नाव हा आशीर्वाद असतो, आणि आशीर्वादात गोड शब्दच येणार. शिवाय दुसऱ्या बाजूचीही नावं तिथे आहेत. 'उगिलाॅय' हे मुलीचं उझबेक नाव, अस्सल तुर्की शब्दांचं. 'उगिल' म्हणजे मुलगा, 'ऑय' म्हणजे चंद्र. मुलीच्या नावात मुलगा. त्याच्यापुढे दिलोरोम म्हणजे फारच मायेचं नाव. मुलगी झाली आणि आमच्या जिवाला विसावा मिळाला, असं म्हणणारे आईबाप त्या नावात आहेत. म्हणजे बघा, राजा गेला आणि त्याच्या जागी आईबापांचं हृदय आलं. अर्थ तोच राहिला, हृदय बदललं. नावं अशीच जगतात.

पण एक पाऊल अजून बाकी आहे, आणि त्यासाठी मी मघाशी बाजूला ठेवलेला विग्रह परत हातात घेतो. राजाचं हृदय झालं, आईबापांचं झालं. तिचं स्वतःचं? जिच्या हृदयाला आराम आहे ती दिलोरोम, या वाचनाला व्याकरण अडवत नाही. शब्दात लिंग नाही, शब्दात राजा नाही, 'देणारी' हेही शब्दात लिहिलेलं नाही. ते आपण भरलं. आणि खुसरोनं हे वाचन गोष्टीतून जवळजवळ करूनच दाखवलंय. त्या खेड्यात, राजा निघून गेल्यावर, कुणालाही शांतवायची जबाबदारी नसताना ती शिकत बसली आहे. त्या काळात तिच्या हृदयाला जो काही आराम असेल, तो कुणाला दिलेला नाही आणि कुणी विकतही घेतलेला नाही.

म्हणून नावाच्या कोशातली ओळ वाचताना थोडं थांबा. दिलोरोम असो की आपली मनोरमा असो, 'मनाला रमवणारी' असं लिहिलेलं दिसलं की विचारा, कुणाच्या? 'अर्थ' म्हणून छापलेलं पुष्कळदा कुणीतरी केलेली मागणी असते. शब्द तेवढंच मागतो असं नसतं. शब्दात जागा असते. फिरदौसी, निजामी, खुसरो, नवाई या चौघांनी तीच जागा आपापल्या परीनं भरली. उद्या एखादी उझबेक कवयित्री, कदाचित तिचंच नाव दिलोरोम असेल, ती जागा पाचव्यांदा भरेल. तेव्हा हरणं काय करतात आणि राजा काय म्हणतो, हे ऐकायला मला आवडेल. पण त्याआधी ती काय म्हणते ते.